सावलीची वही

लॉक्रिस्टीच्या या नर्सरीत मला सतरा वर्षं झाली.
गेंटहून माणसं येतात, गुलाब मागतात, लव्हेंडर मागतात,
म्हणजे खरं तर ऊनच मागतात,
आणि "अंगणात किती वेळ असतं?" विचारलं
की आपल्या बुटांकडे बघतात.

लुटगार्डबाईंनी पिशवीतून वही काढली.
शिवणकामाच्या मापांची वही, मागून उघडलेली.
नऊ – सावली.
दहा – सावली.
अकरा – सावली, त्यात शेजारचं मांजर.
चार दहा – ऊन! पंपाजवळ, हातरुमालाएवढं.
चार एकवीस – गेलं.

दक्षिणेला जुन्या बिअर कारखान्याची भिंत,
पश्चिमेला बीचचं झाड,
नगरपालिकेचं, त्यामुळे अमर.
"तीनदा झेंडू लावला," त्या म्हणाल्या,
"तीनदा नुसता उंच झाला, मान काढून
भिंतीपलीकडे बघत बसला.
आता रंगीत काहीतरी द्या.
ओमेरला दिसलं पाहिजे."

ओमेरने चाळीस वर्षं लोकांची घरं रंगवली.
आता त्याच्या नजरेच्या मधोमध एक डाग आहे,
जिथे बघायला जावं तिथे आधीच जाऊन बसलेला.
कडेकडेचं तेवढं दिसतं.
बायकोचा चेहरा बघायचा तर
तो तिच्या कानाकडे बघतो.

तिसऱ्या शेडमध्ये त्या सरळ चालत गेल्या
वाईनच्या रंगाच्या ह्यूकेराकडे.
पान उलटून पालथं केलं, कापड बघावं तसं.
"हाच. लग्नाच्या वर्षी त्याने दाराला लावलेला."

बाई, म्हटलं, हा इथे दिव्याखाली मिरवतोय.
तुमच्या अंगणात सहा पावलांवरून
माती कुठली आणि हा कुठला, कळायचं नाही.
सावली गडद रंग आधी खाते.
मग मी दाखवत गेले:
पांढऱ्या काठाचा होस्टा,
लिंबाच्या सालीसारखं पिवळं जपानी गवत,
चांदीचा हात फिरवलेला नेचा,
पांढरा बेगोनिया, आमच्याच शेतातला.

"दवाखान्याचे रंग," त्या म्हणाल्या.

मला राग आला असावा.
मी शेडचे दिवे घालवले.
बाहेर मार्च होता, तीन वाजताचा, भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा.
"तो बघतो तसं बघा," म्हटलं.
"माझ्या कानाकडे. झाडांकडे नको."

त्यांनी बघितलं.
माझ्या कानात कुणी परकं असं कधी बघितलं नव्हतं.
कुठेतरी नळ ठिबकत होता.
डावीकडे गवत उजळलं असणार,
उजवीकडे होस्ट्याचे काठ, खडूने ओढल्यासारखे.
आणि मध्ये, ह्यूकेराच्या जागी,
नुसती कुंडी.

बराच वेळ.
मग, कानालाच सांगावं तसं, म्हणाल्या,
"संध्याकाळी तो मला हाक मारतो. आहेस ना, म्हणतो.
मी समोरच असते. विणत.
मला वाटायचं, डोकंही जातंय की काय."
आणि स्वेटरची बाही चिमटीत धरून बघितली.
गडद निळी.

मी दिवे लावले.
त्यांनी गवत घेतलं, चार होस्टा,
दोन नेचे, एक बेगोनिया पांढरा, एक नारिंगी,
"दवाखान्यात कुणी फळं आणतं तसा."
आणि ह्यूकेराही घेतला.
मी तोंड उघडलं तर म्हणाल्या,
"हा पंपाजवळ.
अकरा मिनिटं पुरतात त्याला."

मे महिन्यात परत आल्या,
गोगलगायींवर काय आहे विचारायला,
होस्ट्याची जाळी झाली होती म्हणे.
मी बिअरची वाटी सुचवली.
"भिंत त्याचीच आहे," त्या हसल्या.
अंगात नवा स्वेटर होता, स्वतः विणलेला,
पिवळा, लिंबाच्या सालीसारखा,
रांगेतली सगळी माणसं वळून बघतील असा.

रंग त्यांना अजिबात शोभत नव्हता.
मी सुटे पैसे मोजून दिले.